गिडो व्हर्बेक : नागासाकीचा इंग्रजी शिक्षक

तुम्ही मुंबई-पुण्यात राहत असा, वा दिल्ली, हैदराबाद, इंदूर, बडोदे अशा शहरी. आपल्या मंडळ्यांतून चालणारी एक साधी सेवा तुमच्या पाहण्यात आली असेल. आठवड्यातून एखाद्या सायंकाळी उपासनामंदिराच्या शेजारच्या खोलीत काही प्रौढ माणसे जमतात आणि मंडळीतील एखादी निवृत्त शिक्षिका किंवा नोकरी सांभाळून आलेला एखादा तरुण त्यांच्याकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेतो. पैशांचा व्यवहार नसतो. शिकायला येणारे निरक्षर नसतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी पदवीपर्यंत इंग्रजी वाचलेले असते, व्याकरणाचे नियम त्यांना शिकवणाऱ्यापेक्षाही अधिक पाठ असतात. परंतु चार माणसांत तोंड उघडण्याची वेळ आली की जीभ अडखळते. ही सेवा करणाऱ्याला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. बाहेरचा माणूस विचारतो, की हे फुकट शिकवण्यामागे तुमचा अंतःस्थ हेतू कोणता? आणि मंडळीतला माणूस विचारतो, की यात प्रभूची सेवा ती कोठे आली?

हे दोन्ही प्रश्न ज्यांच्या वाट्याला जवळजवळ चाळीस वर्षे आले, अशा एका शिक्षकाचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव गिडो हर्मन फ्रिडोलिन व्हर्बेक. आधुनिक जपानच्या इतिहासात त्यांच्या नावाला मानाचे स्थान आहे. आपल्याकडे मात्र ते क्वचितच ऐकू येते.

व्हर्बेक यांचा जन्म २३ जानेवारी १८३० रोजी हॉलंडमधील झाइस्ट या गावी झाला. या गावात मोरेव्हियन ख्रिस्ती लोकांची वसाहत होती. मोरेव्हियन म्हणजे तेच, ज्यांच्या सहवासाचा जॉन वेस्ली यांच्या जीवनावर खोल परिणाम झाला आणि ज्यांनी पुढे आपल्या लडाखमध्ये लेह येथे मंडळी स्थापिली. त्यांच्याच शाळेत गिडोचे शिक्षण झाले. डच, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या चार भाषा त्या मुलाला लहान वयातच अवगत झाल्या. चीनमध्ये कार्य करणारे मिशनरी गुट्झलाफ यांचे भाषणही त्याने ऐकले होते. परंतु त्या वेळी त्याचे मन यंत्रांत रमलेले होते. उट्रेक्ट येथे त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८५२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नशीब काढण्यासाठी अमेरिकेची वाट धरली.

अमेरिकेत प्रथम विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे येथील लोखंडाच्या ओतशाळेत त्यांनी काम केले. चांगला अमेरिकन व्हावे, आपल्या बोलण्यात डच वळण राहू नये, यासाठी त्यांची खटपट चाले. आडनावाचा डच उच्चार अमेरिकनांना जमेना, तेव्हा त्यांनी आडनावाची अक्षरेसुद्धा बदलली. वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ज्यांनी शेकडो जपानी माणसांना इंग्रजी शिकवले, त्यांची ती मातृभाषा नव्हती. परक्या भाषेत बोलताना माणसाला काय सोसावे लागते, हे त्यांनी स्वतः भोगलेले होते.

तेथून ते आर्कान्सा राज्यातील हेलेना या गावी अभियंता म्हणून गेले. १८५४ च्या उन्हाळ्यात त्यांना कॉलऱ्याने गाठले. मृत्यू अगदी उशाशी येऊन बसला असता त्यांनी देवाला वचन दिले, की यातून वाचलो तर उरलेले आयुष्य मिशनसेवेस वाहीन. ते वाचले आणि दिलेला शब्द विसरले नाहीत. १८५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील ईश्वरविद्येच्या महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. जवळच्याच एका मंडळीचे पाळक सॅम्युएल ब्राउन हे होते. ब्राउन यांनी पूर्वी मकाव येथे चिनी मुलांना इंग्रजी शिकवले होते व त्यांच्यापैकी तिघांना १८४७ मध्ये आपल्याबरोबर अमेरिकेस आणले होते. त्यांतला युंग विंग हा १८५४ मध्ये येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. भाषा शिकवणे हीसुद्धा सेवा असू शकते, याचे उदाहरण तरुण व्हर्बेक यांच्यासमोर असे प्रत्यक्ष उभे होते.

१८५९ मध्ये अमेरिकेतील रिफॉर्म्ड चर्चने जपानला मिशनरी पाठवावयाचे ठरवले आणि त्यांना डच जाणणारा माणूस हवा झाला. डचच का, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. सतराव्या शतकात जपानी सरकारने ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी घातली आणि पाश्चात्त्यांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना, तेही नागासाकीजवळच्या देशिमा या चिमुकल्या बेटावर, राहू दिले. दोनशे वर्षे युरोपातील विद्या जपानात आली ती या एका खिडकीतून. वैद्यक, खगोल, तोफा, होकायंत्र, सारे काही जपानी पंडित डच ग्रंथांतून शिकत. १८५३ मध्ये अमेरिकन आरमार येऊन धडकले, पुढील वर्षी करार झाला, बंदरे उघडली, आणि या पंडितांच्या ध्यानात आले की जगाचा व्यवहार आता इंग्रजीत चालतो. पुढे थोर शिक्षणतज्ज्ञ म्हणून नावाजलेले फुकुझावा युकिची १८५९ मध्ये योकोहामा बंदर पाहण्यास गेले, तेव्हा वर्षानुवर्षे घोकलेल्या डच भाषेत तेथील दुकानांच्या पाट्यासुद्धा त्यांना वाचता येईनात. ते निराश होऊन परतले आणि इंग्रजीच्या मागे लागले. अशा लोकांना शिकवणारा कोण हवा? ज्याला डचमधून इंग्रजीकडे नेता येईल, असा. ब्राउन यांना हा माणूस ठाऊक होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हर्बेक यांचा विवाह मारिया मॅनियन यांच्याशी झाला आणि ७ मे रोजी त्यांचे जहाज न्यूयॉर्कहून निघाले. ७ नोव्हेंबर १८५९ रोजी ते नागासाकीस उतरले.

तेथे रस्तोरस्ती लाकडी फलक लावलेले होते. ख्रिस्ती पंथ निषिद्ध असल्याची राजाज्ञा त्यांवर लिहिलेली असे व ख्रिस्ती मनुष्य दाखवून देणाऱ्यास बक्षीस मिळे. धर्माचा विषय निघताच जपानी माणसाचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे जाई, असे व्हर्बेक यांनी नमूद करून ठेवले आहे. उपदेश करणे अशक्य, मंडळी स्थापणे अशक्य, उघडपणे एखादे पत्रक वाटणेही धोक्याचे. १८६० च्या आरंभी त्यांच्या घरी कन्या जन्मली. तिचे नाव त्यांनी एमा जपोनिका ठेवले. ज्या देशावर त्यांनी प्रेम करावयाचे ठरवले होते, त्याचे नाव त्यांनी लेकीला दिले. ती थोड्याच दिवसांत वारली. नागासाकीतील त्यांच्या संसाराची सुरुवात ही अशी झाली.

मग लोक येऊ लागले. त्यांना धर्म नको होता, इंग्रजी हवे होते. कोणी दुभाषे होते, कोणी सामुराई, कोणी वैद्यकीचे विद्यार्थी. बहुतेक प्रौढ, कमरेला दोन तलवारी लावलेले, चिनी अभिजात ग्रंथांत मुरलेले, आणि डच पुस्तके चाळलेले. अशा विद्यार्थ्याला मुळाक्षरांचे पुस्तक देऊन भागत नाही. तो विद्वान असतो. परक्या भाषेत बोलताना मात्र लहान मुलासारखा होतो आणि त्याची त्याला लाज वाटते. प्रौढांना संभाषण शिकवणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाला ही लाज ओळखीची असेल. ती घालवावयाची तर त्यांच्या बुद्धीला शोभेल असा विषय बोलण्यासाठी द्यावा लागतो. व्हर्बेक यांनी दोन पुस्तके निवडली. एक नवा करार, दुसरे अमेरिकेची राज्यघटना.

या निवडीविषयी थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. राज्यघटना वाचायची म्हणजे व्यक्तीच्या हक्काविषयी बोलावे लागणार. सामुराईला कर्तव्य ठाऊक होते, स्वामिनिष्ठा ठाऊक होती. परंतु शासनासमोरही उभा राहू शकेल असा माणसाचा हक्क, या कल्पनेसाठी त्यांच्या भाषेत तेव्हा रूढ शब्दच नव्हता. असे शब्द त्याच काही दशकांत घडत गेले. एका शब्दाचा अर्थ विचारता विचारता संपूर्ण समाजरचनेची चर्चा होणे अपरिहार्य होते. भाषा येथे साधन राहत नाही, विचारच होऊन जाते. आणि नवा करार? तो त्या देशात निषिद्ध धर्माचा ग्रंथ. मग हे भाषेच्या निमित्ताने लावलेले जाळे होते काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगतो. व्हर्बेक मिशनरी आहेत, ही गोष्ट नागासाकीत कोणापासूनही लपलेली नव्हती. पाश्चात्त्य समाज समजून घ्यावयाचा तर त्याचा धर्मग्रंथ वाचला पाहिजे, हे त्या चाणाक्ष विद्यार्थ्यांनाही कळत होते. त्यांनी इंग्रजी मागितले, त्यांना उत्तम इंग्रजी मिळाले. विश्वासाची अट त्याला जोडलेली नव्हती. ज्याने पुढे विचारले, त्यालाच पुढचे सांगितले गेले.

विचारणारा एकजण निघाला. सागा नावाच्या संस्थानाच्या कारभाऱ्यांत मुराता वाकासा हा मोठ्या अधिकाराचा सामुराई होता. नागासाकी बंदराच्या रक्षणाचे काम सागाकडे असे. १८५४ च्या सुमारास परकीय जहाजे बंदरात असता पाण्यावर तरंगणारे एक पुस्तक वाकासाच्या माणसांच्या हाती लागले, असे सांगितले जाते. चौकशीअंती कळले की तो डच भाषेतील नवा करार आहे. वाकासाने शांघायहून त्याचे चिनी भाषांतर गुप्तपणे मागवले, कारण चिनी लिपी त्याला वाचता येत होती, आणि घरच्या घरी अभ्यास आरंभला. १८६२ मध्ये त्याचा धाकटा भाऊ आयाबे नागासाकीस व्हर्बेक यांच्याकडे आला. पुढे आयाबेची दुसरीकडे नेमणूक झाली, तेव्हा मोतोनो नावाचा माणूस ये-जा करू लागला. तो सागाहून प्रश्न घेऊन येई, नागासाकीहून उत्तरे व पुस्तके घेऊन जाई. वाचकहो, शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांना न पाहता असा अभ्यास वर्षानुवर्षे चालला. पत्रद्वारा शिक्षणाचे वर्ग आपल्याला ठाऊक आहेत. परंतु ज्याच्या टपालवाल्याचे प्राण पणाला लागलेले आहेत असा वर्ग विरळाच.

१८६६ च्या मे महिन्यात वाकासा स्वतः लवाजम्यासह नागासाकीस आला. २० मे हा पेन्टेकॉस्टचा रविवार होता. त्या रात्री व्हर्बेक यांच्या घराच्या खिडक्या बंद करून वाकासा व आयाबे या दोघा भावांचा बाप्तिस्मा झाला आणि प्रभुभोजनाचा विधी पार पडला. बातमी फुटली असती तर देहान्त शासन ठरलेले होते. दोघे आपल्या प्रांतात परतले, आणि त्यांच्यावर त्या शासनाची पाळी आली नाही. पुढे वाकासाच्या मुलीनेही विश्वास धरला. १८६८ मध्ये व्हर्बेक यांच्याकडून बाप्तिस्मा घेतलेल्या एका तरुण बौद्ध भिक्षूला मात्र त्यापायी दीर्घ तुरुंगवास भोगावा लागला. नागासाकीतील पहिल्या दहा वर्षांत बाप्तिस्म्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भरली.

दरम्यान शिक्षक म्हणून त्यांची कीर्ती पसरली होती. १८६३ मध्ये युद्धाच्या भीतीने काही महिने सहकुटुंब शांघायला जाऊन राहावे लागले. परत आल्यावर १८६४ मध्ये नागासाकीच्या सुभेदाराने त्यांना सरकारी भाषाशाळेत शिक्षक नेमले. तेथे त्यांना वेतन मिळू लागले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने मिशनची तिजोरी ओढगस्तीत होती, तिला या वेतनाचा आधार झाला. १८६७ च्या सुमारास सागा संस्थानानेही नागासाकीत आपल्या निवडक तरुणांसाठी शाळा उघडली व तेथेही व्हर्बेक यांना पाचारण केले. त्या काळचे एक छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. उएनो हिकोमा या आद्य छायाचित्रकाराने काढलेल्या त्या चित्रात मधोमध व्हर्बेक आपल्या लहानग्यासह बसले आहेत आणि भोवती चाळीसाहून अधिक सामुराई आहेत. जपानमधील क्रांतीचे सर्व नायक त्यात एकत्र आहेत, अशी एक हौशी समजूत मागाहून पसरली. अभ्यासकांनी ती फेटाळली आहे. मला तर वाटते, ते केवळ एका शिक्षकाचे आपल्या विद्यार्थ्यांसह काढलेले चित्र आहे, हेच पुरेसे मोलाचे आहे.

सागाच्या तरुणांत दोघे विशेष तेजस्वी होते, सोएजिमा तानेओमी आणि ओकुमा शिगेनोबू. दोघांनीही व्हर्बेक यांच्यापाशी नवा करार व राज्यघटना वाचली. आता यातील ओकुमाची हकीकत ऐका, कारण या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग तोच आहे.

नागासाकीलगत उराकामी नावाचे खेडे होते. १८६५ च्या मार्च महिन्यात तेथील काही शेतकरी नव्याने बांधलेल्या कॅथलिक मंदिरात आले व त्यांनी फादर पेटिजाँ यांना हळूच सांगितले, की आमचाही विश्वास तुमच्यासारखाच आहे. अडीचशे वर्षे, एकाही धर्मगुरूवाचून, या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे विश्वास जपला होता. जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्या आश्चर्यचकित झाल्या. परंतु १८६७ मध्ये धरपकड सुरू झाली. त्यानंतर राज्यक्रांती झाली, शोगुनची सत्ता गेली, सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले, आणि त्या नव्या सरकारनेही फलक तसेच ठेवले. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांना निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. शेकडो माणसे छळाने व उपासमारीने मेली.

१८६८ मध्ये ब्रिटिश वकील सर हॅरी पार्क्स यांनी याबद्दल जाब विचारला. पार्क्स संतापी आणि दरडावून बोलणारे. त्यांच्यासमोर जपानची बाजू मांडण्यास कोण उभा राहिला? तीस वर्षांचा ओकुमा. त्याने ठणकावून सांगितले, की हा आमच्या देशाचा अंतर्गत कायदा आहे, त्यात परक्यांनी हात घालू नये. ख्रिस्ती राष्ट्रांचा रक्तरंजित इतिहासही त्याने पुढे केला. ख्रिस्ती धर्माविषयीचे आणि पाश्चात्त्य कायद्याविषयीचे जे ज्ञान त्याच्या कामी आले, ते त्याने व्हर्बेक यांच्या मेजाशी बसून मिळवले होते. या वादाने ओकुमाचे नाव झाले व त्याची राजकीय कारकीर्द उजळली.

वाचकहो, शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्याला आपण प्रभूचे वचन वाचावयास शिकवले, तोच प्रभूच्या लोकांच्या हद्दपारीचे समर्थन करतो, आणि आपण दिलेल्या शब्दांनी करतो! एखाद्याने दार बंद केले असते. व्हर्बेक यांनी ते केले नाही. ओकुमाशी त्यांचे संबंध तुटले नाहीत. ते शिकवीत राहिले, ओकुमाही त्यांच्याकडे येत राहिला. विद्यार्थ्याला भाषा दिली म्हणजे तिचा उपयोग कसा करावा हा अधिकारही त्याच्याकडे गेला, हे त्यांनी मनोमन स्वीकारले असावे. याला कोणी दुबळेपणा म्हणेल. पुढे काय घडले ते पाहून आपणच ठरवावे.

१८६९ मध्ये नव्या सरकारने व्हर्बेक यांना टोकियोस बोलावून घेतले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी एक टिपण लिहून विश्वासाने ओकुमाच्या हाती दिले. जपानच्या वरिष्ठ मुत्सद्द्यांनी स्वतः पाश्चात्त्य देशांत जाऊन तेथील राज्यकारभार, शिक्षण, आणि धर्मस्वातंत्र्यही, डोळ्यांनी पाहावे अशी ती योजना होती. धर्मस्वातंत्र्याची गोष्ट त्यांनी सांगितली ती याच ओकुमाला! टिपण दोन वर्षे पडून राहिले. १८७१ मध्ये इवाकुरा तोमोमी यांच्या कानी ते गेले. इवाकुरांचे दोन पुत्र नागासाकीस व्हर्बेक यांचे विद्यार्थी होते. त्यांनी व्हर्बेक यांना बोलावून सविस्तर विचारले आणि डिसेंबर १८७१ मध्ये इवाकुरांच्या नेतृत्वाखाली मोठे शिष्टमंडळ अमेरिका व युरोपकडे निघाले. योजना मूळ कोणाची, हे व्हर्बेक यांनी आपल्या तोंडून जाहीर होऊ दिले नाही. जपानी लोकांनी हे आपले आपण केले असे जगाला दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. शिष्टमंडळ जाईल तेथे त्याला ख्रिस्ती लोकांच्या छळाबद्दल प्रश्न विचारले गेले. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सरकारी आज्ञेने फलक उतरवले गेले आणि उराकामीचे हयात राहिलेले लोक घरी परतले. यामागे अनेक कारणे होती, परराष्ट्रांचा दबाव तर होताच. सारे श्रेय एका माणसाला देणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. परंतु त्या कारणांत नागासाकीचा इंग्रजी वर्ग होता, एवढे खचित.

टोकियोत ते सरकारी विद्यालयाचे प्रमुख झाले. याच विद्यालयातून पुढे १८७७ मध्ये टोकियो विद्यापीठ साकारले. हा काळ मानाचा होता, सुखाचा नव्हता. इंग्रजी ज्याची मातृभाषा तो शिक्षक होण्यास योग्य, अशा भ्रमाने बंदरांतून भटकणाऱ्या कोणाही गोऱ्या माणसाला त्या दिवसांत वर्गावर उभे केले जात होते. त्यांच्यापैकी कित्येकांचे वर्तन असे होते, की व्हर्बेक यांचा पुष्कळसा वेळ ते निस्तरण्यात गेला. १८७१ च्या आरंभी दोन इंग्रज शिक्षकांवर रात्री रस्त्यात तलवारीने वार झाले, तेही प्रकरण त्यांनाच सावरावे लागले. चांगले शिक्षक मिळावेत म्हणून त्यांनी अमेरिकेतील रट्गर्स महाविद्यालयाकडे धाव घेतली. हा ओघ दुहेरी होता. १८६६ पासून ते आपले विद्यार्थी न्यू ब्रन्सविक येथे रट्गर्सला पाठवीत होते. त्यांपैकी कुसाकाबे तारो हा अत्यंत हुशार तरुण पदवी हाती पडण्याच्या सुमारास १८७० मध्ये क्षयाने वारला व तेथेच त्याला माती मिळाली. त्याला शिकवणारा विल्यम ग्रिफिस पुढील वर्षी कुसाकाबेच्याच गावी, फुकुई येथे, शिक्षक म्हणून आला. व्हर्बेक यांचे पहिले विस्तृत चरित्र १९०० मध्ये याच ग्रिफिसने प्रसिद्ध केले.

एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ताकाहाशी कोरेकियो हा पोरगेला तरुण टोकियोत व्हर्बेक यांच्या आश्रयाने राहत होता व लहान वयातच विद्यालयात इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक झाला होता. पैसा हाती आला, संगत बिघडली, मद्य व नाचगाण्यात तो बुडाला आणि नोकरी गेली. लाजेने तो व्हर्बेक यांचे घर सोडून निघाला, तेव्हा त्यांनी त्याला रागे भरण्याऐवजी पवित्र शास्त्राची आपली प्रत त्याच्या हाती ठेवली. हाच ताकाहाशी १९२१ मध्ये जपानचा पंतप्रधान झाला. १९३६ च्या फेब्रुवारीत, लष्करी खर्चाला आळा घालू पाहणारा अर्थमंत्री म्हणून, बंडखोर सैनिकांनी त्याची हत्या केली.

सरकारी सेवेची वर्षे संपल्यावर, १८७७ मध्ये सम्राटाकडून उगवत्या सूर्याचे सन्मानचिन्ह मिळालेला हा माणूस पुन्हा साधा मिशनरी झाला. आता उघडपणे उपदेश करता येत होता आणि त्यांची जपानी भाषा अशी होती, की पडद्याआडून ऐकणाऱ्यास बोलणारा परका आहे हे कळू नये. गावोगाव फिरून ते व्याख्याने देत. मेइजी गाकुइन या ख्रिस्ती विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. जुन्या कराराच्या जपानी भाषांतराच्या समितीत ते होते. स्तोत्रसंहितेचे भाषांतर, जे त्यांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर केले, त्याची गोडी जपानी वाचकांनी वाखाणली आहे. १८८८ च्या फेब्रुवारीत संपूर्ण पवित्र शास्त्र जपानीत सिद्ध झाल्याचा सोहळा टोकियोत झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेहून जपानमार्गे मायदेशी परतण्यास निघाल्या. ज्या जपानमध्ये एका हिंदी ख्रिस्ती स्त्रीला निर्भयपणे जाता आले, तो देश तीस वर्षांपूर्वीचा उरला नव्हता.

आता उरते ते एका कागदाचे. व्हर्बेक यांनी हॉलंड सोडून इतकी वर्षे झाली होती की तेथील नागरिकत्व आपोआप गेले होते. अमेरिकेचे नागरिकत्व पूर्ण मिळण्यापूर्वीच ते जपानला निघाले होते, आणि उतारवयात अर्ज केला तेव्हा अमेरिकेने तो मान्य केला नाही. परदेशीयांना त्या काळी ठरावीक बंदरांबाहेर परवान्यावाचून राहता येत नसे. देशच नसलेल्याला परवाना कोण देणार? चार भाषा जाणणारा, पाचवी आपलीशी केलेला हा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नव्हता. तेव्हा त्यांनी जपानी सरकारकडे विनंती केली. १८९१ मध्ये सरकारने त्यांना व त्यांच्या कुटुंबाला खास परवाना दिला. देशभर कोठेही प्रवास करण्याची, कोठेही राहण्याची मुभा त्यात होती. तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे, आणि दरवर्षी तो नवा करून मिळे.

१० मार्च १८९८ रोजी टोकियोत त्यांना अचानक मृत्यू आला. ओकुमा आणि सोएजिमा यांपैकी कोणीही ख्रिस्ती झाला नाही. सोएजिमा परराष्ट्रमंत्री होऊन गेला होता. ओकुमाने १८८२ मध्ये जी शाळा काढली, तिचे आज वासेदा विद्यापीठ झाले आहे. गुरूच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांच्या आत, ३० जून १८९८ रोजी, तो जपानचा पंतप्रधान झाला. व्हर्बेक यांना टोकियोतील आओयामा दफनभूमीत ठेवण्यात आले. त्या जागेवरचा स्मृतिस्तंभ त्यांच्या जपानी मित्रांनी व विद्यार्थ्यांनी उभारला.